नेव्हीच्या ड्रेसवरची बुरशी

चहा आधी पिऊन घ्या. कारण हे सगळं ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचा चहा एखादवेळ प्याल, पण धुवायला म्हणून साधा रुमालसुद्धा माझ्या ताब्यात द्यायचे नाहीत. असला पराक्रम करून ठेवलाय मी यंदाच्या श्रावणात!

आमच्या आणि शेजारच्या मंगलच्या परसाच्या मधे एक चिऱ्यांचा गडगा आहे, कुंपणाची भिंत. कंबरेएवढा. आता तो कंबरेएवढा आहे हा काय माझा दोष? डोक्याएवढा बांधला असता तर मला पलीकडचं काही दिसलं नसतं, आणि नौदलाचं एवढं नुकसान झालं नसतं. आमचे हे म्हणतात, “तुझ्या पायाला भिंगरी आहे नि डोळ्यांना दुर्बीण.” म्हणू देत. शेजाऱ्यांकडे लक्ष नको ठेवायला?

दुसरी गोष्ट म्हणजे डाग. डाग मला बघवत नाही. आमच्या रत्नागिरीजवळच्या कुवारबावात कुणाच्या शर्टावर फणसाचा चीक पडो, कोकम सांडो, काजूच्या बोंडूचा रस उडो, तो शर्ट शेवटी माझ्याकडे येतो. बोंडूचा डाग! भलेभले त्या कपड्याचं फडकं करतात. मी तो शर्ट परत अंगात घालायला लावते. शाळा माझी आठवीत सुटली, पण डागांच्या बाबतीत मी पदवीधर आहे.

आणि तिसरी गोष्ट बुरशी. यंदा श्रावणात सलग पंधरा दिवस सूर्य दिसला नाही. कपडे वाळेनात. ह्यांच्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, माझ्या लग्नातल्या शालूला बुरशी, एक दिवस बघते तर चष्म्याच्या डबीत बुरशी! मी सकाळ-संध्याकाळ हातात फडकं घेऊन घरभर नुसती फिरत होते. झोपेतसुद्धा काहीतरी पुसत होते, असं हे सांगतात.

अशात मंगलचा ओंकार सुट्टीवर आला.

ओंकार नेव्हीत आहे, मुंबईला. लहानपणी माझ्याच मांडीवर वाढला म्हणा ना. मंगल एकटी, नवरा लवकर गेला, तेव्हा त्या पोराचं कौतुक मला माझ्या पोरांइतकंच. सहा दिवसांसाठी आला होता. जायच्या दोन दिवस आधी मायलेक सावर्ड्याला त्याच्या आत्याकडे निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परत येणार, नि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ओंकार ड्युटीवर.

निघताना मंगल गडग्यापाशी आली. “शालूताई, मागच्या शेडमध्ये ओंकारचा ड्रेस वाळत घातलाय. जरा बघा हां. झड आत आली तर काढून ठेवा.”

“तू निश्चिंत जा गो,” मी म्हटलं.

ओंकार हसत म्हणाला, “काकी, तो एकच सेट आणलाय मी. पोचल्या पोचल्या त्यातच उभं राहायचंय. आमचे साहेब एक बटण ढिलं असलं तरी सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढतात.”

“माझ्यावर सोड,” मी म्हटलं.

बघा हां, मंगल म्हणाली होती. आता तुम्हीच सांगा, ‘बघा’ म्हटल्यावर बघायचं नाही?

ते गेले नि पाचव्या मिनिटाला मी गडगा ओलांडून पलीकडे. दोरीवर शर्ट आणि पँट. निळा रंग. जवळ जाते तर काय! शर्टापासून पँटच्या टोकापर्यंत ठिपकेच ठिपके. करडे, पांढरट, काळपट. बोटभर जागा सुटली असेल तर शपथ!

मी ओरडलेच. “अगो बाई! बुरशी लागली की गो पोराच्या ड्रेसला!”

खरं सांगते, एक क्षण मनात आलं, ठिपके चौकोनी कसे? बुरशी गोल असते. पण म्हटलं, पंधरा दिवसांच्या पावसात तिला काय आकार सुचेल कोण सांगणार? शिवाय मुंबईची बुरशी असेल, तिकडचं सगळंच वेगळं.

तरी मी घाईनं काही करणारी बाई नाही. (हसू नका.) मी चौकशी केली. माझा थोरला भाऊ लांज्याला असतो. आर्मीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्याला वीस वर्षं झाली, पण अजून घरात सगळे त्याला विचारूनच पाणी पितात. लावला फोन.

“दादा, नेव्हीचा ड्रेस कसा असतो रे?”

“पांढरा. शुभ्र. बगळ्यासारखा. का गो?”

“निळा नसतो?”

“असेल कामाचा एखादा. साधा निळा.”

“ठिपकेवाला?”

“हॅ! ठिपके आमचे. आर्मीचे. आम्हाला झाडाझुडपात लपावं लागतं, म्हणून हिरवे-तपकिरी ठिपके. रेतीत गेलं की मातकट. बर्फात गेलं की वरून पांढरं. समोरच्याला कळता नये, झुडूप कुठलं नि जवान कुठला. त्याला अक्कल लागते.”

“आणि विमानवाले?”

“ते वर आभाळात. खालून माणसाला विमान दिसतं, आतल्या माणसाचा शर्ट कोण बघतो?”

“आणि नेव्हीवाले नाही लपत?”

दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला. “अगो, कुठे लपणार? एवढी लांबच्या लांब लोखंडी बोट समोर दिसतेय, तिच्यावर एक माणूस ठिपके घालून लपला तर शत्रू काय म्हणणार, बोट दिसते पण ओंकार कुठे दिसत नाही, चला परत? आणि निळा ठिपकेवाला ड्रेस घालून पाण्यात पडला तर त्याला शोधणार कोण नि कसा? जरा डोकं चालव!”

चालवलं. आणि पटलं हो! तुम्हालाही आत्ता पटलंच ना? समुद्रात झाडं आहेत का? नाहीत. मग ठिपके कशाला? म्हणजे बुरशीच!

पोराची परवा हजेरी. साहेब बटणावरून बाहेर काढतो, मग एवढी बुरशी बघून काय करेल? नोकरीवर गदा आली तर? मंगलनं मशीन मारून, लोकांचे ब्लाऊज शिवून वाढवलेलं पोर ते! काढला ड्रेस दोरीवरून नि आणला घरी.

आधी लिंबू-मीठ. अर्धा तास चोळलं. एक ठिपका हलला नाही.

मग गरम पाण्यात सोडा घालून भिजत टाकला. दर दहा मिनिटांनी जाऊन झाकण उघडून बघत होते. हे पेपर वाचत होते, ते वैतागले. “भात आहे का तो, शिजला का बघायला?”

मग ब्रशनं घासला. हे उठून आले, चष्मा लावून खाली वाकले. “शालू, हा खिशावरचा डाग बघ. आणि हा गुडघ्यावरचा. सारखाच आहे. बुरशी काय छापून येते?”

“तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

“आणि हे बघ, शिवणीच्या आतसुद्धा आहे.”

“आतपर्यंत गेलीय म्हणूनच तर घासतेय!”

हे गप्प बसले. तीस वर्षांत एवढंच शिकलेत. पण त्या दिवशी ते शिकले नसते तर बरं झालं असतं.

दुपारी माझा संयम सुटला. अंगणात शेवाळावर टाकायला ब्लीचिंग पावडर आणलेली होती. ती बादलीत कालवली, ड्रेस बुडवला नि डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. देवानं ऐकलं नाही. बहुतेक ब्लीचच्या वासानं तोही लांब गेला असावा.

बाहेर काढते तर ठिपके तिथल्या तिथे, आणि मधला निळा रंग मात्र जागोजाग उडालेला! आधी फक्त बुरशीचे डाग होते, आता त्यात माझे पडले. पाठीवर तर असा एक पांढरा फटक डाग, रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशासारखा. वर मंडणगड, खाली राजापूर, सगळं नीट!

मी मटकन पायरीवर बसले. पण बसवतंय कुठे? उठले. परत बसले. परत उठले. परसात लाकडांवर निळी ताडपत्री टाकलेली आहे, तिच्याभोवती मी किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे. त्या ताडपत्रीकडेच बघता बघता डोक्यात उजेड पडला. डाग जात नाही ना? मग सगळ्या कपड्यालाच रंग द्यायचा!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी फळीसमोर उभी. “रंगाची पुडी द्या हो, निळी.”

दुकानदार म्हणाला, “काकी, निळ्यात चार आहेत. आकाशी, मोरपंखी, शाईचा, आणि नेव्ही ब्लू.”

“काय म्हणालात?”

“नेव्ही ब्लू.”

अंगावर शहारा आला हो माझ्या! नेव्हीच्या ड्रेसला नेव्ही ब्लू! एवढी मोठी सोय कुणीतरी आधीच करून ठेवलेली, नि मी काल दिवसभर लिंबं पिळत बसले! म्हटलं, “तीन पुड्या द्या. सरकारी काम आहे.”

घरी येऊन मागच्या दारी चूल पेटवली, मोठं तपेलं चढवलं, मीठ टाकलं, पुड्या सोडल्या, नि ड्रेस घालून काठीनं ढवळायला लागले. उकळी आली की रंग उडत होता, हातावर, पायावर, लाकडांवर. मला शुद्ध नव्हती. एकेक ठिपका त्या निळ्यात बुडताना बघून काय समाधान वाटत होतं म्हणून सांगू! जिल्ह्याचा नकाशा बुडाला. मंडणगड शेवटी बुडालं.

मग पिळून, इस्त्री मारून मारून वाळवला. चार वाजता ड्रेस तयार. एकसारखा, गडद, निळाशार. डाग म्हणाल तर औषधाला नाही! छातीवर त्याच्या नावाची पट्टी होती, तीही सगळी निळी झाली, नाव काही वाचता येईना. पण म्हटलं, नावाचं काय एवढं? तो स्वतः उभा असणार ना त्यात.

साडेचारला रिक्षा थांबली. मी ड्रेस दोन्ही हातांवर आरतीच्या ताटासारखा धरून गडग्यापाशी हजर.

“ओंकार, घे बाबा. घाबरू नको आता. एकही डाग ठेवला नाही.”

ओंकारनं ड्रेसकडे बघितलं. मग दोरीकडे बघितलं. मग परत ड्रेसकडे. “काकी, हा कुणाचा?”

“तुझाच रे!”

“माझ्या ड्रेसवर ठिपके होते.”

“होते ना! केवढी बुरशी! पण काढली सगळी.”

मंगलनं हातातली पिशवी खाली ठेवली. ठेवली म्हणजे सोडलीच. आत्यानं दिलेले पोहे सगळ्या अंगणात.

ओंकार हळूच म्हणाला, “काकी... ते कॅमोफ्लाज होतं. आमचा नवा ड्रेस तसाच असतो. छापलेलेच असतात ठिपके.”

“छापलेले? कशाला? समुद्रात झाडं आहेत का?” मी दादाची सगळी विद्या त्याच्यावर ओतली. बोट, शत्रू, पाण्यात पडणं, सगळं.

“पाण्यात पडलो तर केशरी जाकीट असतं वरून, ते लांबून दिसतं,” तो म्हणाला. “आणि लपायचं म्हणाल तर काकी, आर्मीवाल्यांना शत्रूपासून लपायचं असतं, आम्हाला साहेबांपासून डाग लपवायचे असतात. बोटीवर सारखं ऑइल, ग्रीस, रंग. साध्या ड्रेसवर थेंब पडला की लगेच दिसतो. म्हणून ठिपके.”

डाग दिसू नये म्हणून आधीच डाग छापून ठेवायचे? मग माझ्यासारखीनं जगायचं कशाला?

मंगल मात्र खाली बसली होती. पोहे गोळा करत होती नि डोळे पुसत होती. “उद्या काय होणार रे तुझं? बढतीचं नाव लागायचं होतं ना या महिन्यात?”

ते ऐकलं नि माझं सगळं अवसान गळालं. तोपर्यंत मला वाटत होतं, ड्रेसच तर आहे. मी म्हटलं, “मी येते तुझ्याबरोबर. तुझ्या साहेबाच्या पाया पडते, सांगते, पोराची चूक नाही.”

ओंकारनं माझ्याकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. आणि एकदम फिस्सकन हसला.

“आई, माझे ठिपके सापडले.”

“कुठे?”

“काकींच्या गाऊनवर.”

मी खाली बघितलं. सकाळी घातलेला माझा फिकट आकाशी गाऊन, त्यावर गळ्यापासून पायापर्यंत निळे ठिपकेच ठिपके! लहान, मोठे, एकात एक मिसळलेले. आतून ह्यांचा आवाज आला, “हाच गाऊन घालून जा रे ओंकार, नियमात बसेल!”

मंगलसुद्धा हसली. रडता रडताच, पण हसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ओंकार गेला. तोच निळाशार ड्रेस बॅगेत घालून. दुसरा होता कुठे? आणि मग माझी जी तगमग झाली ना! दर अर्ध्या तासानं गडग्यापाशी जात होते. “मंगल, फोन आला का गो?” “नाही हो ताई.” आत येऊन भाजी निवडायला घेतली, मेथीच्या काड्या ठेवल्या नि पानं टाकून दिली. परत गडगा. “आला का?” शेवटी मंगल म्हणाली, “ताई, तुम्ही इथेच बसा. तुमच्या फेऱ्यांनी मला चक्कर येतेय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला फोन. मंगलनं स्पीकरवर लावला.

“साहेबांनी बाहेर काढलं?” मीच आधी ओरडले.

“काढलं काकी. सगळ्यांसमोर. म्हणाले, हे काय घातलंयस? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, सर, शेजारच्या काकींना बुरशी वाटली.”

“अरे देवा! मग?”

“बाही धरून नीट बघितली. मग साहेबांनी विचारलं, गाव कुठलं? मी म्हटलं रत्नागिरी. तर म्हणाले, मीही कोकणातलाच. माझ्या आईनं हा ड्रेस पहिल्यांदा बघितला तेव्हा मला लिंबू-मीठ आणून दिलं होतं.”

मी मंगलकडे बघितलं. “बघ! लिंबू-मीठ! म्हणजे माझी सुरुवात बरोबर होती!”

“बढतीचं रे?” मंगलनं विचारलं.

“नाव कायम आहे, आई. पण शिक्षा मिळाली. आठ दिवस डेकला रंग मारायचा, याच ड्रेसमध्ये.”

आठ दिवसांनी त्याचा फोटो आला. तोच माझा नेव्ही ब्लू ड्रेस, आणि त्यावर रंगाचे, ग्रीसचे, करडे, पांढरट, काळपट ठिपके. बोटभर जागा सुटली असेल तर शपथ. खाली लिहिलेलं, ‘काकी, बुरशी परत आली.’

दादाला फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावून बघितला. म्हणाला, “हं. वीस वर्षांत नेव्ही सुधारली म्हणायची.” चूक कबूल केलीन म्हणता? नाव नको! वर मलाच म्हणतो, “तुला आधी नीट चौकशी करता येत नाही?”

आता शेवटचं सांगते नि चहाचे कप उचलते.

तो गाऊन काही मी टाकला नाही. चांगला धडका, कुठे न फाटलेला गाऊन, टाकायचा कशाला? घरात वापरते. श्रावण संपल्यावर एक दिवस मी तो घालून लाकडांच्या ढिगापाशी उभी होते, त्या निळ्या ताडपत्रीला लागून. पलीकडे मंगलच्या दारात मासेवाली नफिसाभाभी आली. आणि काय सांगू, दोघींना मी दिसलेच नाही! तीन हातांवर उभी, पण निळ्यावर निळी, ठिपक्यात ठिपका. जीव हरखून गेला. म्हटलं, शालू, आज कळली तुला या ठिपक्यांची किंमत. हलू नकोस. ऐक.

मंगल माझाच किस्सा सांगत होती. “आणि भाभी, ताईंनी आधी ब्लीच ओतलं, मग सोड्यात घातला, मग लिंबू-”

दात आवळले. मूठ आवळली. पण चुकीची पद्धत सांगितलेली कशी ऐकून घ्यायची, तुम्हीच सांगा! उद्या कुणी तसं करून बसलं म्हणजे?

“आधी लिंबू!” मी ताडपत्रीतून ओरडले. “मग सोडा! ब्लीच शेवटी!”

नफिसाभाभी “या अल्ला!” करून एवढ्या जोरात दचकली की तिच्या हातातला बांगडा सुटला, गडग्यावरून उडाला नि सरळ माझ्या पोटावर येऊन आपटला.

बांगड्याचा डाग पडला असणार, नक्की पडला असणार. आज महिना झाला, मी रोज तो गाऊन उजेडात धरून शोधतेय. सापडेल तर शपथ!